पत्ता कुठला घालायचा? परराज्यातल्या दिव्यांग कामगाराचं यूडीआयडी कोल्हापुरातून काढताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये बोटं गेलेला कामगार आमच्याकडे मदत मागायला येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा तीन कागद असतात. खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लॅमिनेशन सुटलेलं आधार आणि कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात भरून घेतलेल्या यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राच्या अर्जाची पावती. पहिले दोन उपयोगाचे. तिसरा आधी निस्तरावा लागतो. दुकानदाराने आधारवरचा पत्ता बघून अर्ज सरळ बिहारच्या किंवा उत्तर प्रदेशच्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाकडे लावलेला असतो. माणूस कोल्हापुरात खोलीवर बसून बोलावण्याची वाट बघतो, आणि बोलावणं येतं ते दीड हजार किलोमीटरवरच्या दवाखान्याचं.

अपंगत्वाचे टक्के किती मिळतील, हे सगळेच विचारतात. पण त्याआधी पत्ता कुठला घालायचा हे ठरवावं लागतं आणि तिथं चूक झाली तर पुढचं सगळं तिरकं जातं. कायदा या बाबतीत बराच उदार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्याखाली मिळालेला दाखला देशभर चालतो. पाटण्याचा दाखला कोल्हापुरात आणि कोल्हापूरचा पाटण्यात. पण पेन्शन, बसची सवलत, ग्रामपंचायतीचा निधी ही राज्याच्या किंवा त्याहून खालच्या हातची कामं. दाखला देशाचा, पैसा राज्याचा. या दोन्हींच्या मधल्या फटीत परगावचा माणूस अडकतो.

अर्ज कुठं करायचा याला नियमांत दोन दारं आहेत. २०१७ च्या नियमांतला नियम १७ काढून बघा. एक दार म्हणजे रहिवासाच्या पुराव्यावर जो जिल्हा आहे तिथला वैद्यकीय अधिकारी. दुसरं दार म्हणजे ज्या सरकारी रुग्णालयात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तिथला. हे दुसरं दार फार थोड्यांना माहीत असतं आणि खिडकीवर बसलेल्या माणसालाही ते माहीत असेल असं धरून चालू नये. ‘आधार बिहारचं आहे, बिहारला जा’ हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या खिडक्यांवर इतक्या वेळा ऐकलंय की नियमाची छापील प्रत फाइलच्या पहिल्याच प्लास्टिकमध्ये ठेवतो. ती आवाज न चढवता पुढे सरकवायची, त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि ‘साहेबांना एकदा दाखवता का’ एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा काम होतं. भांडलात तर त्या दिवशी होत नाही.

दुसरं दार उघडायचं तर सरकारी दवाखान्याचे उपचाराचे कागद लागतात आणि नेमके तेच नसतात. कारखान्यात अपघात झाला की मुकादम माणसाला उचलून जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो. टाके पडतात, बिल ठेकेदार भरतो, विषय संपला. म्हणून जखम भरत असतानाच पुढचं ड्रेसिंग, हाताची फिजिओथेरपी, तुटलेल्या भागाची तपासणी थोरल्या दवाखान्यात, म्हणजे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात सुरू करायला सांगतो. केसपेपर काढायचा, प्रत्येक फेरीची नोंद त्यावर घ्यायची, जुना केसपेपर हरवायचा नाही. हे कागदापुरतं करू नये. बोटं गेलेल्या हाताला फिजिओथेरपीची खरोखर गरज असते. उरलेली बोटं महिनाभर बांधून ठेवली की ती आखडतात आणि मग आहे तो हातही जातो. एकदा-दोनदा जाऊन केसपेपरवर शिक्का घेऊन येणारे असतात, ते टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे ओळखू येतात.

आता आधारवरचा पत्ता बदलायचा का? इथं मंडळी घाई करतात. खोलीमालकाचा भाडेकरार किंवा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन आधारचा पत्ता कोल्हापूरचा करता येतो आणि पत्ता कितीही वेळा बदलता येतो. मग पहिलं दार सरळ उघडतं, खिडकीवरची कटकट वाचते. पण हिशेब करून बघा. बिहारने २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा पेन्शन दरमहा ४०० वरून १,१०० रुपये केली, त्यात दिव्यांगांचीही आली. उत्तर प्रदेशात दिव्यांग पेन्शन २०२५ मध्ये दरमहा १,००० रुपये होती. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये १,५०० ची २,५०० झाली. आकडा बघून कुणालाही मोह होतो, पण त्या योजनेला महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. चार वर्षांपूर्वी आलेल्या पोराला ते मिळणार नाही. आधार कोल्हापूरचं करून बसला तर गावाकडच्या पेन्शनच्या पडताळणीत तो ‘इथं राहत नाही’ म्हणून गळतो आणि इथं तर बसतच नाही. दोन्हीकडून गेला.

म्हणून एकटा आलेला, आई-बायको गावी असलेला, सणाला परत जाणारा कामगार असेल तर आमचा सल्ला ठरलेला आहे. आधार गावचं राहू द्या आणि उपचाराच्या दाराने अर्ज करा. बायको-पोरं इथं, पोरगं इथल्या शाळेत, गावाकडे रेशनकार्डात नावसुद्धा उरलेलं नाही, असं असेल तर मात्र पत्ता बदला, तोही अर्जाच्या आधी. अर्ज एका पत्त्यावर आणि आधार दुसऱ्या पत्त्यावर असं झालं की पडताळणीत अर्ज लटकतो.

निपाणी-चिकोडीकडून रोज ये-जा करणाऱ्यांचं वेगळं आहे. पत्ता कर्नाटकातला, काम आणि दवाखाना कोल्हापुरातला. त्यांनी आपल्या जिल्ह्यातूनच दाखला काढलेला बरा. बेळगाव काही लांब नाही आणि पेन्शनही तिकडचीच मिळायची आहे.

आधारचा आणखी एक गुंता आहे, जो बोटं गेलेल्या माणसालाच भोगावा लागतो. आधार काढलं तेव्हा दहाच्या दहा बोटं होती. आता उजव्या हाताची तीन नाहीत आणि उरलेल्या दोन बोटांच्या टोकांवर टाक्यांचे वण. रेशनच्या मशीनवर, बँकमित्राकडे, सिमकार्डच्या दुकानात, सगळीकडे ठसा जुळत नाही. जुन्या कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचंही तेच, बोटांची टोकं झिजलेली असतात. यूडीआयडीचा अर्ज भरायच्या आधी आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक नव्याने घ्यायला लावा. नसलेल्या बोटांसाठी अपवाद नोंदवायची सोय यंत्रणेत आहे, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद असतेच. एका केंद्रावर ‘बोटं नाहीत तर होणार नाही’ असं सांगून परत पाठवलं होतं, दुसऱ्या केंद्रावर पंधरा मिनिटांत झालं. त्याच फेरीत मोबाइल नंबर जोडून घ्या. ठेकेदाराच्या किंवा गावातल्या चुलत्याच्या नंबरावर आधार असलेले कितीतरी निघतात. प्रत्येक ओटीपीला चुलत्याला फोन लावायचा तर तो नेमका शेतावर असतो.

अर्ज यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर सगळं तिथूनच चालतं. यात गडबड होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नाव आधारवर आहे तसंच्या तसं. नुसतं ‘कुमार’ किंवा ‘देवी’ आडनावाच्या रकान्यात जात असेल तर जाऊ द्या, आपल्या सवयीने वडिलांचं नाव मध्ये घुसडू नका. पत्त्याचा रकाना वेगळा आणि उपचाराच्या रुग्णालयाचा राज्य-जिल्हा निवडायचा रकाना वेगळा असतो. दुकानात हा दुसरा रकाना पत्त्यावरूनच भरून टाकतात. तिथं महाराष्ट्र, कोल्हापूर आणि ज्याचा केसपेपर हातात आहे ते रुग्णालय निवडायचं. पत्रव्यवहाराचा पत्ता हा तिसरा, त्याबद्दल पुढे. सही करता येत नसेल किंवा सहीचा हातच गेला असेल तर अंगठ्याचा ठसा स्कॅन करून चालतो. डाव्या हाताने आठवड्यापूर्वी शिकलेली सही देऊ नये, पुढच्या वेळी ती तशी येत नाही आणि बँकेत पंचाईत होते. फोटो सहा महिन्यांच्या आतला.

अपंगत्वाचा प्रकार निवडताना एकच खूण करायची की बहुविकलांग निवडायचं, हे तिथंच ठरतं. डोळा आणि हात दोन्ही गेले असताना फक्त हाताची खूण केली तर नेत्रतज्ज्ञ तुम्हाला तपासणारच नाहीत, कारण अर्ज त्यांच्याकडे जातच नाही. सगळं भरल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. तो कार्डाचा क्रमांक नव्हे. कार्डाचा १८ अक्षर-अंकी क्रमांक दाखला झाल्यावर येतो. नोंदणी क्रमांक दाखवून सवलत मागायला गेलेले हिरमुसून परत येतात.

२०१७ च्या नियमांत दाखला देण्यासाठी एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. कारखान्यातल्या माणसाला हे सोसतं. ऊसतोडीच्या टोळीला सोसत नाही. बीडकडची किंवा विजयपूरकडची टोळी दिवाळीच्या आगेमागे येते आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की उठते. जानेवारीत अर्ज केला तर बोलावणं येईपर्यंत पालं मोडलेली असतात. त्यामुळे टोळीतलं एखादं मूल चालत नसेल, ऐकत नसेल किंवा एखाद्या कोयत्यातल्या, म्हणजे ऊसतोड जोडप्यातल्या, बाईचा पाय गेल्या हंगामात ट्रॉलीखाली आला असेल तर नोव्हेंबरातच केसपेपर निघाला पाहिजे. मुकादमाशी आधी बोलावं लागतं. उचल घेतलेल्या जोडप्याला दिवस मोडून दवाखान्यात जायला त्याची परवानगी लागते, हे कागदावर कुठंच नाही, पण फडावर तसंच चालतं. ‘दादा, सकाळची एक खेप चुकेल, दुपारी माणूस परत फडावर’ एवढं ठरवून घेतलं की तो नाही म्हणत नाही. मुलाच्या बाबतीत दाखल्याचा फायदा मोठा आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिव्यांग कायद्याच्याच कलम ३१ ने दिलाय आणि तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळेत जितका लागू आहे तितकाच बीडातल्या.

बोर्डाच्या दिवशी काय होतं, ते जरा सविस्तर सांगतो. वार आणि वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यायची, प्रत्येक विभागाची वेगळी असू शकते. मूळ आधार, अर्जाची प्रत, सगळे केसपेपर, एक्स-रेची फिल्म (मोबाइलमधला फोटो चालत नाही), दोन फोटो. सोबत एक माणूस, शक्यतो भाषा येणारा. सकाळची शिफ्ट बुडणार, हे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवलेलं बरं. इचलकरंजीहून येणाऱ्याची जाऊन-येऊन साठेक किलोमीटरची एसटी होते. यंत्रमागावर मीटरवर मजुरी असेल तर त्या दिवसाचा पगार गेलाच.

हाताची तपासणी बघण्यासारखी असते. डॉक्टर आधी दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवायला सांगतात. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक. तो प्रत्येक सांध्यावर ठेवून बोट किती वाकतं, किती सरळ होतं ते अंशांत लिहितात. मग पकड. डॉक्टरांची दोन बोटं मुठीत धरून दाबायची. मग चिमटा, अंगठा आणि तर्जनीत कागद धरायचा, ते ओढतात. मग टेबलावरचं नाणं उचला, पेन धरा, शर्टाचं वरचं बटण काढून लावा. इथं कामगार स्वतःचं नुकसान करून घेतो. काम जाईल या भीतीने वर्षभर ठेकेदारापुढे सगळं येतं म्हणून दाखवायची सवय झालेली असते. बोर्डापुढेही तो दातांनी बटण धरतो, कोपराने शर्ट दाबतो आणि लावून दाखवतो. आधीच सांगावं लागतं की जे येत नाही ते येत नाही म्हणा आणि जे येतं ते कसं येतं तेही सांगा. याच्या उलट, हात पूर्ण पडल्यासारखा धरणाराही असतो. त्याला पाच मिनिटांनी पाण्याची बाटली उघडताना पकडतात, आणि मग खरं आहे तेही खोटं ठरतं.

जखम पूर्ण भरलेली नसेल, हाडावर अजून शस्त्रक्रिया व्हायची असेल तर तात्पुरता दाखला मिळतो. त्यात वाईट काही नाही. लकवा किंवा मणक्याच्या दुखापतीत सुधारणेला वाव असतो, तिथंही घाई करून फायदा नसतो.

टक्क्यांचा घोळ सगळ्यात मोठा आहे, कारण दोन वेगळी गणितं माणूस एकच समजतो. यंत्रमागावर धोटा उडून डोळ्याला लागणं हा इचलकरंजीचा जुना अपघात. बिनधोट्याच्या मागांवर तो नाही, पण जुने माग अजून खडखडतायत. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर दिव्यांगत्वाच्या मोजमापात ३० टक्के होतात. ४० ला कमी, म्हणजे बहुतेक योजनांच्या बाहेर. तोच माणूस कामावरच्या अपघाताच्या भरपाईच्या हिशेबात बघा. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या अनुसूचीत एक डोळा गेला तर कमाईची क्षमता ४० टक्के कमी झाली असं धरतात. अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, तर्जनी पूर्ण गेली तर १४. ते टक्के कमाईच्या नुकसानीचे, बोर्डाचे टक्के शरीराच्या नुकसानीचे. कर्मचारी विम्याच्या (ईएसआय) वैद्यकीय मंडळाचा ५० टक्क्यांचा कागद दाखवून यूडीआयडी ५० टक्क्यांचं मागता येत नाही. आणि बोर्डाने ३० दिले म्हणून भरपाई ३० टक्क्यांचीच, असं ठेकेदाराच्या वकिलाचं म्हणणंही मान्य करायचं नाही.

दोन अपंगत्वं असतील तर बेरीज साधी होत नाही. मोठ्या आकड्याला अ म्हणा, लहान आकड्याला ब. सूत्र असं: ९० मधून अ वजा करा, त्याला ब ने गुणा, ९० ने भागा आणि आलेलं उत्तर अ मध्ये मिळवा. डोळ्याचे ३० आणि हाताचे १५ मिळाले तर ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले १५ म्हणजे ९००, भागिले ९० म्हणजे १०. एकूण ४०. अगदी उंबऱ्यावर, पण आत. हाताचे १५ ऐवजी १० असते तर ३६.६७ आणि बाहेर. म्हणून वर म्हटलं की अर्जात बहुविकलांग निवडायचं विसरू नका. मागाच्या आवाजाने कानही गेलेला असतो आणि तो कुणी मोजलेलाच नसतो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, सांगून करून घ्या, आणि त्याच्या आदल्या दिवशी मागांच्या खात्यात काम नको. दिवसभर खडखडाटात उभ्या राहिलेल्याचा आलेख खरा येत नाही, परत बोलावतात.

मानसिक आजाराच्या दाखल्यात परगावच्या माणसाची वेगळीच अडचण होते. ते मोजमाप आयडियाज या मापनपट्टीवर करतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, अशी चार अंगं त्यात असतात. हे रुग्णाच्या एकट्याच्या सांगण्यावर होत नाही, त्याला रोज बघणारं माणूस लागतं. घरचे तिकडे, खोलीत पाच जण आणि पाचही शिफ्टला. आम्ही खोलीवरच्या सगळ्यात जुन्या सोबत्याला घेऊन जातो आणि आई किंवा भावाला फोनवर तयार ठेवतो. आजार किती वर्षांचा आहे हे गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्यांवरूनच ठरतं. त्यांचे फोटो नव्हे, मूळ चिठ्ठ्या टपालाने मागवा. बौद्धिक अपंगत्वाच्या चाचण्यांत भाषेचा प्रश्न येतो. भोजपुरीत वाढलेल्या मुलाला मराठीत प्रश्न विचारले तर बुद्ध्यांक खाली येणारच. आईला आत बसू द्या, तिच्या तोंडून प्रश्न जाऊ द्या, अशी विनंती करावी. मानसशास्त्रज्ञ बहुधा ऐकतात.

दाखला हातात आला की दवाखान्याच्या आवारातच वाचायचा. डावा-उजवा बरोबर आहे का (हे चुकतं), टक्के आकड्यात आणि अक्षरात सारखे आहेत का, तात्पुरता असेल तर मुदत कधीची. कार्डाच्या रंगावरून टप्पा कळतो. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पीडीएफ पोर्टलवरून लगेच उतरवून घ्या आणि दोन रंगीत प्रती काढा. प्लास्टिकचं कार्ड टपालाने पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर येतं. कामगार वर्षात दोन-तीन खोल्या बदलतो, पोस्टमन त्याला कुठं शोधणार? गावचाच पत्ता द्यावा, घरी कुणीतरी असतं.

या कार्डावर, आधार गावचं असताना, कोल्हापुरात काय चालतं? रेशनची पोर्टेबिलिटी चालते. गावच्या कार्डातला आपला वाटा इथल्या दुकानातून आणि उरलेला कुटुंबाने तिकडे, अशी वाटणी होऊ शकते, ठसा जुळला तर. केंद्राच्या योजनांतली साधनं चालतात. इथल्या संस्थाही पत्ता विचारून मदत करत नाहीत. १९८४ पासून काम करणारी, नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड कोल्हापूरच्या माणसाला सांगावी लागत नाही. शिरोलीच्या कामगाराने मात्र तिचं नावही ऐकलेलं नसतं, हे आमच्यासारख्यांचं अपयश. संजय गांधी निराधार १५ वर्षांच्या अटीत अडकते, आणि स्थानिक संस्थांचा दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी तिथल्या नोंदलेल्या रहिवाशांसाठी असतो.

रेल्वेचं तर सगळ्यांनाच हवं असतं, कारण दीक्षाभूमी एक्स्प्रेसने धनबादपर्यंत जायचं म्हणजे खर्च आला. पण यूडीआयडी दाखवून तिकीट स्वस्त होत नाही. रेल्वेचं स्वतःचं वेगळं ओळखपत्र आहे, त्याला सरकारी डॉक्टरांचं रेल्वेच्या नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र लागतं, आणि सवलत ठरावीक प्रकारांनाच आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध, बौद्धिक अपंगत्व असलेले, पूर्ण मूकबधिर. चार बोटं गेलेला माणूस एकटा प्रवास करू शकतो, त्याला ती मिळत नाही. हे त्याला आधीच सांगून टाकावं. यातल्या एखाद्या प्रकारात कुणी बसत असेल तर ते प्रमाणपत्र बोर्डाच्याच दिवशी मागून घ्यावं, परत फेरी नको.

भरपाईचं काम या सगळ्याच्या आधी सुरू व्हायला हवं, इथं शेवटी लिहितोय तरी. ठेकेदार पहिल्या आठवड्यात येतो, वीस हजार हातावर ठेवतो आणि ‘यापुढे काही मागणी नाही’ अशा कागदावर ठसा घेतो. तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. भरपाईचा हक्क करार करून सोडता येत नाही. पैसे घेतले असतील तरी दावा करता येतो, मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत. कर्मचारी विमा लागू असेल तर भरपाईचा दावा न्यायालयात न जाता विम्याकडे जातो. अपघातानंतर घाईघाईने नोंदणी झाली असली तरी कामावरच्या इजेसाठी आधी किती हप्ते भरले ते बघत नाहीत, अपघाताच्या दिवशी तो कामावर होता हे दाखवावं लागतं. हजेरीचा फोटो, गेटपास, मुकादमाचा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, पगार जमा झाल्याची बँकेची नोंद, जे मिळेल ते पहिल्याच दिवशी जपून ठेवा. नोकरी टिकवण्याबाबत मात्र खोटी आशा देऊ नये. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, हे दिव्यांग कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं आहे, शिरोलीतल्या ठेकेदाराला ते लागू नाही.

वकिलाचा खर्च लागत नाही. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ ने. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कसबा बावड्यात, न्यायसंकुलात. साधा हिंदीतला अर्ज चालतो.

बोर्डाने अर्ज नाकारला किंवा टक्के पटले नाहीत तर आधी कारण लेखी मागा. ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि त्याशिवाय दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ खालच्या अपिलात बोलायला काही नसतं. खिडकीवरून अर्जच घेत नसतील तर तो वेगळा मुद्दा, त्याची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. तक्रारीत तारीख, खिडकी आणि काय उत्तर मिळालं एवढंच लिहा.

तात्पुरता दाखला असेल तर संपायची तारीख त्याच्याच मोबाइलमध्ये गजर लावून ठेवतो, दोन महिने आधीचा. तोपर्यंत तो सुरतेला किंवा तिरुपूरला गेलेला असतो. नूतनीकरणाचा अर्ज तिथूनही करता येतो, क्रमांक तोच राहतो, पण तिथला डॉक्टर पहिल्या एक्स-रेची फिल्म मागणारच. कोल्हापूर सोडताना खोलीवर राहून जातं ते नेमकं तेच पाकीट.